रुग्णालयाची नोंदणी आणि डॉक्टरांची पदवी या कारणांवरून दावा नाकारला : पुढे काय करावे?

प्रश्न : मांजराकाठ (लातूर जिल्हा)

सर्वांना नमस्कार. माझ्या धाकट्या भावाच्या अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेचा दावा विमा कंपनीने नाकारला आहे. कारण आजाराचे नाही, हप्त्याचेही नाही; रुग्णालयाच्या आणि डॉक्टरांच्या कागदपत्रांचे आहे. त्यामुळे भांडायचे कोणाशी, कंपनीशी की रुग्णालयाशी, हेच कळेनासे झाले असून जाणकारांच्या सल्ल्यासाठी सविस्तर लिहीत आहे.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री भावाच्या पोटात असह्य दुखू लागले. लातूर गाठेपर्यंत अपेंडिक्स फुटण्याची भीती आहे असे सांगण्यात आल्यामुळे आम्ही त्याला तालुक्याच्या ठिकाणीच एका खाजगी रुग्णालयात दाखल केले. रुग्णालय चालविणारे डॉक्टर बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचे पदवीधर आहेत. शस्त्रक्रिया मात्र लातूरहून बोलावलेल्या एमएस सर्जनने केली आणि भूलतज्ज्ञही बाहेरूनच आले. रुग्णालय कंपनीच्या नेटवर्कमध्ये नसल्याने कॅशलेस मिळाले नाही. घरात राखून ठेवलेले सोयाबीन मोंढ्यावर घालून आणि थोडी उसनवारी करून 62,000 रुपये रोख भरले, आणि भाऊ घरी आल्यावर सर्व कागद रीतसर कंपनीकडे पाठविले.

आता आलेल्या पत्रात तीन कारणे आहेत. पहिले असे की, रुग्णालयाच्या नोंदणीची मुदत 31 मार्चला संपलेली असल्याने ते पॉलिसीच्या व्याख्येनुसार रुग्णालय ठरत नाही. दुसरे असे की, रुग्णालयात किमान 15 खाटा असणे आवश्यक असताना तेथे 12 खाटा आढळल्या. तिसरे असे की, डिस्चार्ज कार्डावर सही करणाऱ्या डॉक्टरांची पदवी अशा शस्त्रक्रियेस पात्र नाही. रुग्णालयात विचारले तर “आमचे रजिस्ट्रेशन चालूच आहे, कंपन्या असेच करतात” एवढेच उत्तर मिळते आणि प्रमाणपत्राची प्रत मात्र दिली जात नाही. कंपनीच्या फोनवर विचारावे तर पत्रातलीच वाक्ये पुन्हा वाचून दाखवितात.

पॉलिसी पाचव्या वर्षात आहे आणि एकही हप्ता चुकलेला नाही. मध्यरात्री रुग्णाला घेऊन आलेल्या माणसाने आधी भिंतीवरचे प्रमाणपत्र वाचावे, खाटा मोजाव्यात आणि मग आत जावे, अशी कंपनीची अपेक्षा असेल तर ती कायद्याला धरून आहे का? आणि नसेल, तर दाद कोठे मागावी?

उत्तर : बिलिंग टेबल (नांदेड)

नमस्कार. मी एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात विमा आणि टीपीएचे (कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेचे) कागद पाहण्याचे काम करतो, म्हणून टेबलाच्या या बाजूने लिहितो. तुमचे पत्र तीन कारणांचे असले तरी त्यातला प्रत्येक मुद्दा वेगळ्या कागदाने सुटणारा आहे. तेव्हा आधी कागद गोळा करा, वाद त्यानंतर घाला. भावाला खरोखर अपेंडिक्स होते, शस्त्रक्रिया तातडीची होती, हे पटवून देण्यात पाने खर्च करू नका. ते कंपनीने नाकारलेलेच नाही.

आपल्या राज्यात खाजगी रुग्णालयांची नोंदणी महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, 1949 खाली होते. आमच्या बोलण्यात अजून ‘बॉम्बे नर्सिंग’ हेच नाव आहे. महानगरपालिकेच्या हद्दीत हे काम पालिकेच्या आरोग्य विभागाकडे असते आणि तुमच्यासारख्या नगरपरिषदेच्या गावात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, म्हणजे सिव्हिल सर्जनकडे. प्रमाणपत्र तीन वर्षांचे असते आणि 31 मार्चला संपते. पुष्कळ रुग्णालयांचे नूतनीकरण एकाच सुमारास येत असल्याने मार्च ते जून या काळात त्या कार्यालयात फायलींचे ढीग लागलेले असतात आणि नवे प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत पावसाळा उजाडतो. म्हणून 31 मार्च ही तारीख पत्रात दिसली की माझ्या मनात पहिली शंका हीच येते की, अर्ज वेळेवर गेला होता, फक्त कागद उशिरा निघाला असावा.

तुम्हाला दोन गोष्टी मिळवायच्या आहेत. एक, जुने आणि नवे, दोन्ही प्रमाणपत्रे. आणि नव्या प्रमाणपत्रावर सहीची तारीख नव्हे तर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध’ ही ओळ काय म्हणते ते पाहा. सही जूनमधली असली तरी वैधता 1 एप्रिलपासून असेल, तर मधला खंड उरतच नाही. दुसरी गोष्ट म्हणजे नूतनीकरणाच्या अर्जाची पोच, ज्यावर कार्यालयाच्या आवक विभागाचा शिक्का आणि तारीख असते.

रुग्णालय प्रत देत नसेल तर दोन मार्ग आहेत. हे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावून ठेवणे कायद्यानेच बंधनकारक आहे, त्यामुळे बहुधा स्वागतकक्षाच्या मागच्या भिंतीवर, देवाच्या तसबिरीशेजारी, ते चौकटीत अडकविलेले असेल. त्याचा मोबाईलवर स्वच्छ फोटो काढा. ते नसेलच तर माहिती अधिकाराखाली जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्यांकडे अर्ज करा. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो आणि 30 दिवसांत उत्तर देणे त्यांच्यावर बंधनकारक असते. ‘माहिती द्यावी’ असा मोघम अर्ज करू नका. दाखल झाल्याच्या तारखेला अमुक रुग्णालयाच्या नोंदणीची स्थिती काय होती, नूतनीकरणाचा अर्ज कोणत्या तारखेस प्राप्त झाला, नोंदणीत किती खाटा मंजूर आहेत, आणि या तिन्हींच्या साक्षांकित प्रती, असे नेमके मागा.

खाटांबाबतही एक सांगतो. कंपनीचा तपासनीस येतो तेव्हा तो वॉर्डात फिरून खाटांचे फोटो काढतो, पण अहवालात संख्या लिहिताना कधी प्रमाणपत्रावरची घेतो, कधी त्या दिवशी दिसलेली. तुमच्या पत्रातले 12 कोठून आले हे विचारून घ्या.

उत्तर : बालाघाट (बीड)

थोडक्यात एक वेगळा मुद्दा. माझ्या मेहुण्यांच्या बाबतीत कंपनीने आधी नोंदणीचे कारण दिले आणि तक्रार केल्यावर रुग्णालय आमच्या ‘वगळलेल्या’ यादीत आहे असे तोंडी सांगितले. म्हणून तुम्ही आजच कंपनीच्या संकेतस्थळावरील वगळलेल्या रुग्णालयांची यादी उघडून तिचा तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा. पॉलिसीत ही अट ‘एक्सक्लूजन 11’ या संकेतांकाखाली असते आणि तिच्यातच असे म्हटले आहे की, यादी संकेतस्थळावर जाहीर केलेली किंवा ग्राहकाला कळविलेली असली पाहिजे, आणि जिवावर बेतलेल्या प्रसंगी किंवा अपघातात रुग्णाची प्रकृती स्थिर होईपर्यंतचा खर्च तरीही द्यावा लागतो. नाव यादीत नसेल तर तो दरवाजा आताच बंद केलेला बरा.

उत्तर : गोदातीर (परभणी)

मांजराकाठ, आपला प्रश्न नीट मांडला गेला आहे, म्हणून उत्तरही क्रमाने देतो. मी जिल्हा ग्राहक आयोगापुढे वकिली करतो आणि अशी पत्रे माझ्या टेबलावर नेहमी येतात. माझे ठाम मत असे की, या तीन कारणांपैकी दुसरे उघडउघड चुकीचे आहे, पहिले कागदावर अवलंबून आहे आणि तिसऱ्याकडे मात्र आपण गांभीर्याने पाहिले पाहिजे.

आपल्या पॉलिसीच्या पुस्तिकेत सुरुवातीलाच व्याख्यांचे प्रकरण असते. त्यातली रुग्णालयाची व्याख्या कोणत्याही कंपनीची स्वतःची नसून, विमा नियामक प्राधिकरणाने 2013 पासून सर्व कंपन्यांना सारखीच घालून दिलेली आहे. तिच्यात रुग्णालय ठरण्याचे दोन स्वतंत्र मार्ग आहेत. पहिला मार्ग नोंदणीचा : संस्था क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा, 2010 खाली किंवा त्या कायद्याच्या कलम 56(1) च्या अनुसूचीत दिलेल्या कायद्यांपैकी एखाद्याखाली नोंदलेली असावी. महाराष्ट्राने 2010 चा केंद्रीय कायदा स्वीकारलेला नाही, त्यामुळे काही पत्रांत ‘या कायद्याखाली नोंदणी नाही’ असेही कारण दिलेले असते. परंतु आपला 1949 चा कायदा त्या अनुसूचीत जुन्या मुंबई नावाने समाविष्ट आहे, आणि तेवढ्याने तो आक्षेप संपतो. ज्या रुग्णालयाची ही नोंदणी चालू आहे, त्याच्या खाटा मोजण्याचे कंपनीला या व्याख्येखाली कारणच उरत नाही.

दुसरा मार्ग नोंदणी नसलेल्यांसाठी आहे आणि त्यात किमान निकष दिलेले आहेत : चोवीस तास पात्र परिचारिका, चोवीस तास पात्र वैद्यकीय व्यावसायिकाची जबाबदारी, शस्त्रक्रिया होत असतील तर स्वतःचे सुसज्ज शस्त्रक्रियागृह, रुग्णांच्या दैनंदिन नोंदी आणि कंपनीच्या अधिकृत माणसाला त्या पाहता येण्याची सोय, आणि खाटांची किमान संख्या. ही संख्या 10 लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गावात 10 आहे आणि इतरत्र 15. आता मराठवाड्याचा विचार करा. 2011 च्या जनगणनेत 10 लाखांचा आकडा ओलांडणारे शहर या आठ जिल्ह्यांत एकच होते, छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद. नांदेड साडेपाच लाखांच्या आसपास होते आणि लातूर चार लाखांच्याही आत. तालुक्याच्या गावाला 15 खाटांची अट लावणारे पत्र म्हणजे पुण्या-मुंबईच्या दाव्यांसाठी तयार केलेला मजकूर तसाच्या तसा चिकटविल्याचा नमुना आहे. 12 खाटा कंपनीनेच मोजून लिहून दिल्या आहेत. तो आपल्या बाजूचा पुरावा समजा आणि पत्राची मूळ प्रत जपून ठेवा.

हा 15 चा आकडा आणखी एका ठिकाणाहून येत असावा असे मला वाटते. जानेवारी 2024 मध्ये जनरल इन्शुरन्स कौन्सिलने ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ ही सोय जाहीर केली तेव्हा नेटवर्कबाहेरच्या, 15 खाटांच्या आणि नोंदणी असलेल्या रुग्णालयांतही कॅशलेस देण्याचे ठरले. ती अट कॅशलेसची आहे. आपण पैसे भरून नंतर प्रतिपूर्ती मागितली आहे, तेव्हा तिचा आपल्याशी संबंध नाही.

आता नोंदणीच्या खंडाबद्दल. बिलिंग टेबल यांनी सांगितल्याप्रमाणे नवे प्रमाणपत्र 1 एप्रिलपासून वैध असेल तर पहिला मार्ग शाबूत आहे. तसे नसेल तर आपण दुसऱ्या मार्गाने जायचे, आणि त्यासाठी रुग्णालयाकडून परिचारिकांच्या कामाच्या पाळ्यांचा तक्ता, शस्त्रक्रियागृहाची माहिती आणि आंतररुग्ण नोंदवहीचा उतारा लागेल. हे कागद न देणाऱ्या रुग्णालयालाही ग्राहक तक्रारीत विरुद्ध पक्ष करता येते, हे त्यांना नम्रपणे पण लेखी कळवावे. बहुतेकांची भाषा त्यानंतर बदलते.

रुग्णाचे स्वतःचे केस पेपर देण्याचे बंधन तर स्वतंत्रच आहे : वैद्यकीय व्यावसायिकांच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून 72 तासांत ते द्यावे लागतात. त्याच आचारसंहितेनुसार प्रत्येक डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर, प्रमाणपत्रावर आणि पैशाच्या पावतीवर लिहिणे अपेक्षित आहे. आपल्याकडील पावत्या काढून पाहा. सर्जनच्या फीची वेगळी पावती असेल तर तिच्यावर त्यांचा क्रमांक असण्याची शक्यता आहे आणि तिसऱ्या कारणाला ती एक पावती पुरेशी उत्तर देऊ शकते.

कायद्याच्या दृष्टीने दोन आधार लक्षात ठेवा. दावा एखाद्या वगळणुकीत बसतो हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध ईशर दास मदन लाल या 2007 च्या निकालात सांगितले आहे. आणि दावा नाकारण्याच्या पत्रात जे कारण नाही ते कंपनीला नंतर पुढे करता येत नाही, हे 2019 च्या सौराष्ट्र केमिकल्स निकालावरून स्पष्ट आहे. बीडच्या मित्रांच्या मेहुण्यांना तोंडी सांगितलेले नवे कारण तेथेच अडते.

उत्तर : तेरणाकाठ (धाराशिव)

मी स्वतः लहान रुग्णालय चालविणारा डॉक्टर आहे. वरची उत्तरे बरोबर असली तरी ती वाचून प्रत्येक नाकारलेला दावा अन्यायाचाच असतो असा समज होऊ नये, म्हणून दुसरी बाजू लिहितो.

तिसरे कारण कंपनीने हवेतून काढलेले नाही. तालुक्याच्या गावात सर्जन बाहेरून येतो, दोन तासांत काम उरकून परत जातो, पुढचे ड्रेसिंग आणि औषधे रुग्णालयाचे डॉक्टर पाहतात आणि डिस्चार्ज कार्डावर सहीही तेच करतात. ही पद्धत वैद्यकीयदृष्ट्या चालण्यासारखी असली तरी कागदावर ती अशी दिसते की, आयुर्वेदाच्या पदवीधराने पोट उघडले. कागद पाहणाऱ्या माणसाकडे दुसरा अर्थ काढायला जागाच नसते. पॉलिसीतील वैद्यकीय व्यावसायिकाच्या व्याख्येत राज्याच्या वैद्यक परिषदेबरोबर भारतीय चिकित्सा पद्धतीची आणि होमिओपॅथीची परिषदही येते, त्यामुळे बीएएमएस डॉक्टर हे डॉक्टरच नाहीत असे कंपनी म्हणू शकत नाही. पण त्याच वाक्याच्या शेवटी ‘आपल्या परवान्याच्या मर्यादेत’ काम करण्याची अट आहे. होमिओपॅथीच्या डॉक्टरने ॲलोपॅथीचे उपचार करणे हा निष्काळजीपणाच ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये पूनम वर्मा प्रकरणात म्हटल्यापासून हा मुद्दा नाजूक झालेला आहे.

म्हणून या मुद्द्यावर वाद घालण्यापेक्षा शस्त्रक्रिया कोणी केली हे दाखविणे सोपे आहे. आंतररुग्ण केस पेपरमध्ये ‘ऑपरेशन नोट’ नावाचा स्वतंत्र कागद असतो. त्यावर सर्जनचे नाव, भूलतज्ज्ञाचे नाव, भूल कोणती दिली, सुरू आणि संपल्याची वेळ, अपेंडिक्स कसे दिसले, टाके कोणते, हे सर्व लिहिलेले असते आणि खाली सर्जनची सही असते. त्याला जोडूनच भूलतज्ज्ञाचा तक्ता असतो, ज्यात दर काही मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब टिपलेला असतो. काढलेले अपेंडिक्स तपासणीसाठी पाठविले असेल तर त्या हिस्टोपॅथॉलॉजी अहवालावरही ‘पाठविणारे डॉक्टर’ म्हणून बहुधा सर्जनचेच नाव असते. या तिन्ही कागदांवर एकच नाव आले की डिस्चार्ज कार्डावरची सही दुय्यम ठरते. सोबत सर्जनने स्वतःच्या लेटरहेडवर, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणी क्रमांकासह, ही शस्त्रक्रिया मी केली असे आजच्या तारखेचे पत्र द्यावे. कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतन करावी लागते, तेव्हा सर्जनची नोंदणी त्या दिवशी चालू होती ना, हेही कौन्सिलच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. नाहीतर एक खड्डा बुजवायला जाऊन दुसरा उघडा पडायचा.

‘आजच्या तारखेचे’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. एखादा भला माणूस रुग्णालयात सुचवील की, नवे डिस्चार्ज कार्ड जुन्या तारखेने छापून देतो, त्यावर सर्जनची सही घेऊ. कृपा करून ते घेऊ नका. पहिले कार्ड कंपनीच्या फाईलमध्ये आहे. दुसरे पोहोचले की तांत्रिक कारणाने अडकलेला दावा बनावट कागदाचा दावा होतो आणि त्यानंतर विम्याच्या तक्रारी ऐकणारे लोकपाल काय, ग्राहक आयोग काय, कोणीही आपले ऐकून घेणार नाही. चुकीची दुरुस्ती करायची तर ‘सुधारित’ असे वर स्पष्ट लिहून, आजची तारीख घालून करावी.

नोंदणीबाबतही स्वतःच्या व्यवसायबंधूंची बाजू घेताना मला मर्यादा आहे. कार्यालयात उशीर होतो हे खरे. अग्निशमनाचा दाखला, जैववैद्यकीय कचऱ्याची प्रदूषण नियंत्रण मंडळाकडील परवानगी, परिचारिकांची नोंदणी, यातला एक कागद अडला की सगळे अडते हेही खरे. परंतु मुदत संपत आहे हे तीन वर्षे आधी माहीत असते. जो डॉक्टर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अर्ज देतो आणि एप्रिलमध्ये रुग्णाला “कंपन्या असेच करतात” म्हणून वाटेला लावतो, त्याच्याबद्दल मला सहानुभूती नाही. प्रत मागितल्यावर ती हातात ठेवणे एवढे तर त्याने करायलाच हवे होते.

आणि एक कटू गोष्ट. रुग्णालयाने नूतनीकरणाचा अर्जच केलेला नसेल आणि खाटाही प्रत्यक्षात आठ-नऊच निघाल्या, तर कंपनीविरुद्धचा हा दावा जिंकणे कठीण आहे. माहिती अधिकाराचे उत्तर येईपर्यंत फार मोठी आशा धरू नये.

मांजराकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सिव्हिल हॉस्पिटलच्या कार्यालयातून साक्षांकित प्रती मिळाल्या आहेत. नूतनीकरणाचा अर्ज 18 मार्चला मिळाल्याची नोंद आहे, नवे प्रमाणपत्र जूनमध्ये निघाले आहे, आणि वैधतेच्या ओळीत 1 एप्रिल ही सुरुवातीची तारीख आहे. मंजूर खाटा 12 च आहेत. गोदातीर साहेबांनी सुचविल्याप्रमाणे लेखी मागणी केल्यावर रुग्णालयाने संपूर्ण केस पेपरची झेरॉक्स दिली. ऑपरेशन नोटवर आणि भूलतज्ज्ञाच्या तक्त्यावर दोघांची नावे स्पष्ट आहेत, मात्र सर्जनचा नोंदणी क्रमांक कोठेच नाही. लातूरला जाऊन त्यांच्याकडून पत्र घेणार आहे. सरांनी फोनवर होकार दिला आहे.

आता हे सर्व एजंटाकडे द्यावे की थेट कंपनीला पाठवावे? एजंट म्हणतात की पुन्हा नवा दावा भरू. शिवाय लोकपालांकडे जावे की ग्राहक आयोगाकडे, याबद्दल गावात प्रत्येक जण वेगळे सांगतो.

उत्तर : गोदातीर (परभणी)

18 मार्चची पोच आणि 1 एप्रिलची वैधता हातात आल्यावर आपली बाजू भक्कम झाली आहे. नवा दावा भरू नका. त्याच दाव्याच्या क्रमांकावर, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांच्या नावे, पुनर्विचाराचा अर्ज करा; ईमेलही करा आणि स्पीड पोस्टनेही पाठवा. एजंटाला एक प्रत माहितीसाठी द्यावी, त्यापेक्षा जास्त काही त्यांच्यावर सोपवू नये.

अर्ज दोन पानांपेक्षा मोठा नको. कंपनीच्या पत्रातले प्रत्येक कारण त्यांच्याच शब्दांत उतरवून त्याखाली एका परिच्छेदात उत्तर आणि जोडपत्राचा क्रमांक द्यावा. नोंदणीच्या मुद्द्याखाली प्रमाणपत्र आणि पोच, खाटांच्या मुद्द्याखाली पॉलिसीतील व्याख्येचे पान आणि 2011 च्या जनगणनेतील आपल्या गावाची लोकसंख्या, पदवीच्या मुद्द्याखाली ऑपरेशन नोट, भूलतज्ज्ञाचा तक्ता आणि सर्जनचे पत्र. मूळ कागद एकही पाठवू नका.

अर्जात आणखी एक गोष्ट अवश्य विचारा. नियामक प्राधिकरणाच्या 29 मे 2024 च्या परिपत्रकानुसार, कंपनीच्या तीन सदस्यांच्या दावा पुनर्विलोकन समितीच्या किंवा तिच्या वरच्या उत्पादन व्यवस्थापन समितीच्या मान्यतेशिवाय कोणताही आरोग्य विम्याचा दावा नाकारता येत नाही, आणि नाकारताना पॉलिसीतील नेमक्या अटीचा उल्लेख करावा लागतो. आपल्या पत्रात व्याख्येचा उल्लेख आहे, पण समितीचा नाही. समितीचा निर्णय कोणत्या तारखेचा आहे आणि 15 खाटांची अट पॉलिसीच्या कोणत्या पानावर आहे, हे लेखी मागा. माझा अनुभव असा की या दोन प्रश्नांना उत्तर देण्यापेक्षा दावा मंजूर करणे कंपनीला पुष्कळदा सोपे वाटते.

तक्रार निवारण अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत उत्तर देणे अपेक्षित आहे. दरम्यान ‘बीमा भरोसा’ या नियामकाच्या पोर्टलवरही तक्रार नोंदवून क्रमांक घेऊन ठेवा. कंपनीने पुन्हा नकार दिला, किंवा महिनाभर काहीच कळविले नाही, तर विमा लोकपालांकडे जा. मराठवाडा पुणे कार्यालयाच्या कक्षेत येतो. तेथे फी नाही, वकील चालत नाही, अर्ज ऑनलाईन करता येतो. कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत गेले पाहिजे. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नाही. तो मिळाल्यापासून 30 दिवसांत कंपनीने पैसे दिले नाहीत तर 2024 च्या त्याच परिपत्रकानुसार तिला दिवसाला 5,000 रुपये द्यावे लागतात.

ग्राहक आयोगाची वाट नंतरही मोकळी राहते. 2019 च्या कायद्याने आपण राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे लातूरलाच, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि आपल्यासारख्या रकमेला आयोगाची फी लागत नाही. मात्र एकाच वेळी दोन्ही ठिकाणी जाता येत नाही. आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते ऐकत नाहीत. कागद इतके स्वच्छ असताना आणि रक्कम 62,000 असताना मी वकील असूनही सांगतो की, आधी लोकपालांकडेच जावे. ज्या प्रकरणात रुग्णालयाविरुद्धही दाद हवी असेल, किंवा मनस्तापाबद्दल भरपाई मागायची असेल, ते आयोगाकडे न्यावे. लोकपाल रुग्णालयाला बोलावू शकत नाहीत.

उत्तर : बिलिंग टेबल (नांदेड)

गोदातीर यांच्या उत्तरात भर एवढीच की, पुढच्या वेळी तातडी नसेल तर दाखल होण्यापूर्वी रुग्णालयाच्या टेबलावर दोनच प्रश्न विचारावेत : नोंदणीची मुदत कधीपर्यंत आहे, आणि रोहिणी क्रमांक काय आहे. रोहिणी ही विमा क्षेत्राने ठेवलेली रुग्णालयांची नोंदवही असून तिचा क्रमांक 13 अंकी असतो. तो असला म्हणजे दावा मंजूर होईलच असे नाही, पण तो चटकन सांगणाऱ्या रुग्णालयात विम्याचे कागद हाताळणारा माणूस बसलेला असतो, एवढे नक्की. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा फलक पाहून खाजगी विमाही चालेल असे बरेच नातेवाईक गृहीत धरतात. योजनेचे अंगीकृत रुग्णालय असणे आणि तुमच्या कंपनीच्या नेटवर्कमध्ये असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मांजराकाठ, सर्जनकडे जाताना ऑपरेशन नोटची झेरॉक्स बरोबर न्या. पत्रातली तारीख, वेळ आणि शस्त्रक्रियेचे नाव त्या नोटशी अक्षरशः जुळले पाहिजे. केस पेपरवर भावाचे नाव आधार कार्डाप्रमाणे पूर्ण लिहिलेले आहे का, की नुसतेच घरचे नाव घातले आहे, तेही निघण्यापूर्वी तपासा, कारण पुनर्विचारात कंपनी सगळे कागद पुन्हा पहिल्यापासून पाहते.